अंगाखालची ऊब

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून बिऱ्हाडं हलू लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी अशा तालुक्यांतून लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडं जातं, कोणी सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडं, तर कोणी थेट कर्नाटकात बेळगावकडं. सोबत बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, भांडी, कोयते आणि दोरीनं आवळलेले वाकळांचे गठ्ठे असतात. पुढचे पाच-सहा महिने ही माणसं उसाच्या पाचटाच्या कोपीत झोपणार आणि त्यातले दोन-अडीच महिने थंडीचे असणार.

याच दिवसांत हौसेनं उघड्यावर झोपायला जाणारीही माणसं आहेत. ट्रेकिंगची गोडी लागलेली तरुण मंडळी आता तंबूऐवजी हॅमॉक घेऊ लागली आहेत. दोन झाडांना टांगायचा आणि चांदण्याखाली झोपायचं. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सहली मजेत जातात. डिसेंबर उजाडतो आणि अंगावर दोन-दोन ब्लँकेटं घेऊनही पहाटे पाठ गारठते. मग पांघरुणाला दोष दिला जातो, तिसरं ब्लँकेट खरेदी होतं आणि पाठ मात्र गारच राहते.

फडातल्या कोपीत झोपणारं कुटुंब आणि आमराईत हॅमॉक बांधणारा मुलगा यांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दोघांनाही छळणारी थंडी मात्र एकाच वाटेनं येते. ती खालून येते. अंगाखाली काय असावं, किती जाड असावं आणि ते कसं लावावं, याचा साधा हिशेब आहे. तो समजून घेतला तर थोड्या खर्चात रात्र निभावते.

ऊब म्हणजे थांबलेली हवा

झोपलेल्या माणसाचं शरीर दर चौरस मीटरला साधारण ४० वॅट उष्णता तयार करतं. सगळ्या अंगाची मिळून ती ७० वॅटच्या घरात जाते, म्हणजे घरातल्या जुन्या काचेच्या बल्बाइतकी. त्यातली सुमारे पाव भाग उष्णता श्वासावाटे आणि त्वचेवरच्या ओलाव्यावाटे निघून जाते. उरलेली कपड्यांतून आणि अंथरूण-पांघरुणातून बाहेर पडते. पांघरूण स्वतः काहीच उष्णता निर्माण करत नाही. अंगाची उष्णता बाहेर पडण्याचा वेग तेवढा ते कमी करतं.

हा वेग कमी करण्याचं काम कापूस, लोकर किंवा पिसं करत नाहीत, त्यांच्यात अडकलेली हवा करते. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाणी तिच्यापेक्षा सुमारे चोवीस पट जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं. म्हणून दवानं भिजलेली वाकळ अंगावर असून नसल्यासारखी होते. धाग्यांचं काम एवढंच की हवेला छोट्या-छोट्या कप्प्यांत धरून ठेवायचं आणि हलू द्यायचं नाही.

कपड्यांची ऊब मोजायला १९४१ साली गॅगी, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी ‘क्लो’ हे एकक सुचवलं. साधारण २१ अंशांच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला जेवढे कपडे पुरतात तेवढी ऊब म्हणजे एक क्लो. वस्तू कुठलीही असो, तिची ऊब तिच्यात थांबलेल्या हवेच्या जाडीवर ठरते. जाडी अर्धी झाली की ऊबही जवळपास अर्धी होते.

आता झोपलेल्या माणसाकडं पाहू. वरचं पांघरूण फुगलेलं राहतं, त्यातली हवा टिकते. खालचं अंथरूण मात्र पाठ, कुल्ले, खांदे आणि पोटऱ्यांच्या वजनानं दाबलं जातं. चार बोटं जाड दिसणारी कापसाची गादी अंगाखाली बोटभर उरते. फुगीर स्लीपिंग बॅगचा खालचा भाग तर कागदासारखा होतो. हवा निघून गेली की ऊबही गेली. त्यामुळं वर कितीही घातलं तरी खालची वाट उघडीच राहते.

स्लीपिंग बॅगवर जे तापमान छापलेलं असतं त्यातही हीच गोष्ट दडलेली आहे. युरोपात २००२ पासून त्यासाठी एक प्रमाण पद्धत आहे आणि तिचंच पुढं आंतरराष्ट्रीय मानक झालं. या चाचणीत सेन्सर लावलेला पुतळा बॅगेत घालून मॅटवर झोपवतात. म्हणजे बॅगवरचा आकडा खाली मॅट आहे असं धरूनच दिलेला असतो. मॅटशिवाय तीच बॅग हॅमॉकमध्ये नेली की तो आकडा लागू पडत नाही. बॅगवर दोन आकडे दिसतील. ‘कम्फर्ट’ हा आकडा सर्वसाधारण बाईला निवांत झोप लागेल असा धरलेला असतो, तर ‘लिमिट’ हा सर्वसाधारण पुरुष अंग मुडपून कशीबशी रात्र काढेल असा. खरेदी करताना पहिला आकडा पाहावा.

जमिनीपेक्षा टांगलेलं अंथरूण गार

जमिनीवर कॅरीमॅट, म्हणजे फोमची गुंडाळायची चटई, टाकून छान झोप लागते आणि त्याच रात्री, त्याच जागी हॅमॉकमध्ये दात वाजतात. जमीन दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू निवते. आपल्याकडं हिवाळ्यात पहाटेच्या वेळी काही बोटं खालची कोरडी माती वरच्या हवेपेक्षा बरीच उबदार असते. हॅमॉकच्या खाली मात्र रात्रीची गार हवा असते, आणि ती वाहती असते. वाऱ्याची एक झुळूक कापडाखालची तापलेली हवा पुसून नेते, की शरीराला ती पुन्हा तापवावी लागते. हे रात्रभर चालतं.

हॅमॉक मूळचा अमेरिका खंडातल्या आदिवासींचा. १४९२ साली कोलंबसच्या माणसांनी तो कॅरिबियन बेटांवर पाहिला आणि पुढं युरोपच्या जहाजांवर तो खलाशांचं अंथरूण झाला. ॲमेझॉनच्या जंगलात आजही कित्येक जमाती हॅमॉकच्या शेजारी लहानशी धुनी रात्रभर धगधगत ठेवतात. उष्ण कटिबंधातल्या माणसांनाही पाठीची ही थंडी ठाऊक होती आणि त्यांनी तिच्यावर आगीचा उपाय शोधला.

आजच्या ट्रेकर मंडळींचा उपाय म्हणजे अंडरक्विल्ट. ही एक रजईच असते. फरक इतका की ती अंगाखाली, हॅमॉकच्या आत घालायची नाही. हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या बाजूला ती इलॅस्टिकच्या दोऱ्यांनी टांगायची. माणसाचं वजन हॅमॉकचं कापड पेलतं, रजईवर काहीच भार येत नाही. ती फुगलेलीच राहते, तिच्यातली हवा शाबूत राहते आणि खालून येणारा वारा तिच्यावर अडतो.

बाज, माळा आणि झोळी

ही युक्ती हॅमॉकवाल्यांपुरती नाही. आपल्याकडं टांगलेली, खालून मोकळी अंथरुणं पूर्वीपासून आहेत. बाज हे त्यातलं पहिलं. सुतळीनं किंवा काथ्यानं विणलेली बाज उन्हाळ्यात सुख देते ती खालून हवा खेळते म्हणून, आणि हिवाळ्यात गार पडते तीही त्याच कारणानं. ज्वारी हुरड्यात आली की जागलीला जाणारा शेतकरी माळ्यावर झोपतो. तिथंही खाली फळ्या किंवा कामट्या आणि त्यांच्या फटींतून वारा. रात्रीच्या विजेवर गव्हाला किंवा हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला माणूस दोन पाळ्यांच्या मधे बाजेवर आडवा होतो, तेव्हा त्याचे पाय ओले असतात आणि पाठीखाली एकपदरी पोतं असतं.

तिसरं अंथरूण बाळाच्या झोळीचं. फडात आई कोयता चालवत असते आणि बाळ बांधावरच्या बाभळीला किंवा गाडीच्या जुवाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत निजलेलं असतं. तांत्रिकदृष्ट्या तो एक छोटा हॅमॉकच आहे. कापडाचा एक पदर, खाली मोकळी हवा आणि बाजूला नुकतंच पाणी दिलेलं शेत. अंगाच्या मानानं लहान बाळाची कातडी जास्त, त्यामुळं ते मोठ्या माणसापेक्षा फार लवकर निवतं.

तिन्ही ठिकाणी उपाय एकच. ऊब देणारा थर भार येणार नाही अशा जागी, म्हणजे बाहेरून खाली बांधायचा. बाजेच्या चारही गातांना जुनी फायबरची रजई घट्ट न ताणता बांधली आणि तिच्याखाली वारा अडवायला ताडपत्रीचा तुकडा लावला, तर वर एकच वाकळ अंथरूनही पाठ गारठत नाही. झोळीच्या बाबतीत लोकरीचा किंवा रजईचा तुकडा झोळीच्या बाहेरून दुसऱ्या कापडात धरावा. आत, बाळाच्या तोंडाजवळ सैल पांघरूण ठेवू नये. झोळीच्या तोंडाशी आडवी काठी घालून कापड फाकवून ठेवायची आपल्या बायकांची जुनी पद्धत फार मोलाची आहे, कारण त्यानं बाळाच्या नाका-तोंडावर कापड येत नाही. हनुवटी छातीला टेकलेली नसावी आणि मानेमागं हात लावून घाम आला नाही ना, हे मधून मधून पाहावं. बाळाला थंडीइतकाच जास्तीच्या उबेचाही धोका असतो.

बीडची थंडी ओळखायची कशी

बालाघाटचे डोंगर जिल्ह्याचे दोन भाग करतात. उत्तरेला गोदावरीच्या काठची गंगथडी, म्हणजे गेवराई-माजलगावचा सखल, काळ्या मातीचा पट्टा. दक्षिणेला आणि पश्चिमेला पाटोदा, आष्टी, केज, अंबाजोगाईकडचं पठार. याच पठारावर पाटोदा तालुक्यात मांजरा नदी उगम पावते. पठारावर हवा कोरडी, आभाळ स्वच्छ आणि वारा मोकळा. दिवसा ऊन चटकतं आणि रात्री हवा झपाट्यानं गार होते. गंगथडीला कालव्याच्या पाण्यामुळं ओलावा जास्त, दव जास्त. थंडी दोन्हीकडं असते, पण पठारावर मुख्यतः वाऱ्याला तोंड द्यावं लागतं आणि गंगथडीला ओलीला.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १०-१२ अंशांच्या आसपास येतो आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली की त्याच्याही खाली उतरतो. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी झालं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं, की हवामान खातं थंडीची लाट आल्याचं जाहीर करतं. वर्तमानपत्रात येणारा आकडा केंद्रावरचा असतो. तो जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या सावलीच्या पेटीत मोजतात. शहराबाहेरच्या उघड्या माळावर किंवा ओढ्याकाठी त्यातून दोन-तीन अंश वजा करूनच तयारी करावी.

रात्रीचं सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, ते सूर्य उगवण्याच्या थोडं आधी असतं. झोपताना बरं वाटलं म्हणजे रात्र निभावेल असं नाही. शरीराचं स्वतःचं तापमानही पहाटेच खाली गेलेलं असतं. त्यामुळं निवड नेहमी पहाटेच्या आकड्यावर करायची.

जागेची निवड ही फुकटची ऊब आहे. थंड हवा जड असते, ती उतारावरून वाहत जाऊन खोलगट भागात साठते. कपिलधारच्या दरीत किंवा सौताड्याच्या कड्याखाली पाण्याशेजारी जागा देखणी असली, तरी उतारावर थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला बांधलेला हॅमॉक जास्त उबदार राहतो. निरभ्र आकाशाखाली जमीन आणि अंथरूण आपली उष्णता आभाळाकडं फेकत राहतात. चिंचेच्या किंवा आंब्याच्या दाट छत्रीखाली, किंवा वर ताडपत्री ताणून, ते बरंच रोखता येतं आणि दवही अडतं. आपल्या जिल्ह्यात जंगल थोडं आहे. नायगावसारख्या अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नये. खासगी आमराईत मालकाला विचारून, झाडाची साल न कापणारा रुंद पट्टा वापरून हॅमॉक बांधावा.

किती जाडी हवी?

आता मुख्य हिशेब. कातडीचं तापमान साधारण ३३ अंश धरू. झोपेतल्या ४० वॅटमधून श्वासाचा आणि ओलाव्याचा वाटा वजा केला की दर चौरस मीटरला सुमारे ३० वॅट अंथरूण-पांघरुणातून जायला हवेत. त्याहून जास्त गेले की थंडी वाजते. हवा धरून ठेवणाऱ्या बहुतेक वस्तूंची उष्णता वाहण्याची क्षमता बरीचशी सारखी असते. हे सगळं एकत्र केलं की एक सोपा नियम हाती येतो: ३३ मधून पहाटेचं तापमान वजा करा आणि साडेसातनं भागा. जे उत्तर येईल तेवढे सेंटीमीटर फुगीर जाडी हवी.

पहाटे १५ अंश असतील तर ३३ वजा १५ म्हणजे १८, भागिले साडेसात, म्हणजे जवळपास अडीच सेंटीमीटर. १० अंशांना तीन सेंटीमीटर. ५ अंशांना पावणेचार. शून्याला साडेचारच्या आसपास. हा आकडा अगदी नेमक्या, वाराहीन, कोरड्या स्थितीचा आहे. वारा, फटी आणि दवाचा ओलावा लक्षात घेऊन त्यात तिसरा हिस्सा वाढवावा. म्हणजे बीडच्या नेहमीच्या हिवाळ्याला चार सेंटीमीटर, थंडीच्या लाटेला पाच आणि हिमालयाच्या पायथ्याशी शून्याच्या आसपास झोपायचं असेल तर सहा. महाराष्ट्रातल्या हौशी माणसाला शून्याखाली २० अंशांचा महागडा अंडरक्विल्ट घेऊन घामाघूम व्हायची गरज नाही. घाम आला की तो रजईत मुरतो आणि पहाटे तीच रजई गार पडते. गरजेपेक्षा फार जास्त ऊब घेणंही तोट्याचंच.

हीच जाडी दाबलेल्या अंथरुणाला लावून पाहिली म्हणजे फरक कळतो. कॅरीमॅट दाबली जात नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती एक सेंटीमीटरचीच असते. कोरड्या, उबदार जमिनीवर तेवढी चालून जाते, १० अंशांच्या वाऱ्यात टांगल्यावर पुरत नाही. लुगड्याच्या पाच-सहा पदरांची वाकळ अंगाखाली अर्धा सेंटीमीटर उरते. १८ अंशांच्या जमिनीवरसुद्धा तिचे चार-पाच थर लागतात. आपल्या आज्या थंडीत अंथरायला दुहेरी-चौहेरी घडी करायच्या, तेव्हा त्या हाच हिशेब हातानं करत होत्या.

आकड्यात माणूसही धरायला हवा. उपाशी, थकलेला, आजारी किंवा वयस्कर माणूस कमी उष्णता तयार करतो. पुष्कळ बायकांना त्याच तापमानात पुरुषांपेक्षा जास्त थंडी वाजते आणि हातपाय आधी गार पडतात. अशांसाठी पहाटेचं तापमान पाच अंशांनी कमी धरूनच जाडी काढावी. झोपण्यापूर्वी भाकरी-पिठलं पोटभर खाल्लं आणि दिवसाचे घामट कपडे बदलून कोरडे घातले, तर त्याचाही फायदा रात्रभर मिळतो.

कशाची असावी?

बदकाची किंवा हंसाची पिसं सर्वांत हलकी आणि सर्वांत फुगीर. त्यांची प्रत फुगण्याच्या क्षमतेवर मोजतात. ८०० प्रतीची एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसं ८०० घनइंच जागा व्यापतात. बॅकपॅक पाठीवर घेऊन दिवसभर चालायचं असेल तर याला तोड नाही. पण पिसं भिजली की गोळा होतात आणि त्यांची ऊब जाते. शिवाय ती महाग असतात. सह्याद्रीतल्या दमट रात्री आणि गंगथडीचं दव त्यांना फारसं मानवत नाही.

पॉलिएस्टरचं फायबर वजनाला जास्त, गुंडाळल्यावर मोठं, पण ओलं झालं तरी बरीच हवा धरून ठेवतं आणि लवकर वाळतं. वाहनानं जाऊन मुक्काम करणाऱ्यांसाठी आपल्या हवामानात हाच सर्वांत शहाणा पर्याय. बाजारात मिळणारी साधी फायबरची एकेरी रजई यात मोडते.

लोकर ही आपल्याकडची खरी ठेव. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते आणि तिची घोंगडी हातमागावर विणून चिंचोक्याच्या खळीनं कडक करतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही. ठिणगी पडली तर ती भडकत नाही. म्हणून मेंढपाळ पावसात, थंडीत आणि शेकोटीशेजारी तीच वापरत आला. घोंगडी पातळ असते, ती एकटी अंडरक्विल्टचं काम करणार नाही. रजईच्या खाली बाहेरचा थर म्हणून ती वारा आणि दव मात्र उत्तम अडवते.

कापूस हे आपल्या जिल्ह्याचं पीक आणि घराघरातल्या दुलईचं पोट. कोरडा, नुकताच पिंजलेला कापूस छान ऊब देतो. पण तो ओलावा धरतो, वाळायला वेळ घेतो आणि वर्षभरात दबून बसतो. उघड्यावर टांगायला तो नको. घराच्या आत, बाजेखाली बांधायला चालेल.

घरी शिवायचा झाला तर

आपल्याकडं गोधडी शिवणारे हात घरोघरी आहेत, त्यामुळं अंडरक्विल्ट विकत घेण्यापेक्षा शिवणं सोपं. एकेरी फायबरची रजई घ्यावी. लांबी दोन मीटर आणि रुंदी सव्वा मीटर असली की खांद्यापासून टाचेपर्यंत अंग झाकलं जातं. वजन कमी हवं असेल तर खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा पाऊण लांबीचा तुकडाही चालतो. मग पोटऱ्यांखाली कॅरीमॅटचा तुकडा ठेवावा.

गोधडीचा जवळजवळ घातलेला धावदोरा तिला वर्षानुवर्षं टिकवतो, पण तोच तिला चपटी करतो. प्रत्येक टाक्यापाशी जाडी शून्यावर येते आणि तिथून ऊब निसटते. टांगायच्या रजईत टाके कमी, वीत-वीत अंतरावर आणि सैल असावेत. आतल्या बाजूचं कापड बाहेरच्यापेक्षा थोडं अरुंद कापावं, म्हणजे हॅमॉकच्या गोलाईत रजई आतून चुरगळत नाही आणि बाहेरचा फुगवटा टिकतो. दोन्ही लांब कडांना नाडीची खोळ शिवून त्यातून इलॅस्टिक ओवावं आणि ते हॅमॉकच्या दोन्ही टोकांना बांधावं.

खरी कसोटी बांधण्यात आहे. सैल बांधली तर रजई आणि हॅमॉक यांच्यामध्ये फट राहते, त्या फटीतून वारा शिरतो आणि उत्तम रजईही वाया जाते. फार ताणली तर ती पाठीला दाबून बसते आणि जाडी हरवते. हॅमॉकमध्ये झोपून सोबत्याला खालून हात घालायला सांगावं. रजई कापडाला नुसती टेकलेली, कुठंही न दबलेली असावी. डोक्याकडची आणि पायाकडची तोंडं नाडी आवळून बंद करावीत. पहिली चाचणी अंगणात घ्यावी, डोंगरावर नव्हे.

ज्याला हे सगळं करायचं नाही त्यानं हॅमॉकमध्ये दोन कॅरीमॅट घालाव्यात, दुसरी खांद्यापाशी आडवी. मॅट सरकते, खाली घाम साचतो आणि खांद्याच्या कडा गार राहतात, पण रात्र निघते.

कोपीतली रात्र

हौशी माणसाला थंडी वाजली तर तो सकाळी घरी परततो. ऊसतोड कुटुंबाला ती सोय नाही. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप झालं आणि त्यानंतर राज्यभर कारखाने उभे राहिले. त्या कारखान्यांचा ऊस तोडायला बालाघाटच्या कोरडवाहू गावांतून माणसं जाऊ लागली, १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट अधिकच रुळली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता थांबत नाही. पहाटे तीन-चारला उठून बाई स्वयंपाक करते आणि उजाडायच्या आत फडात असते. रात्री-अपरात्री गाडी भरायची वेळ येते. उरलेल्या चार-पाच तासांच्या झोपेवर तिचं आणि लेकरांचं अंग तगतं. म्हणून ती झोप उबदार असणं ही चैन नाही, ती कामाच्या हत्याराइतकी गरजेची गोष्ट आहे.

कोपी बांबूच्या कामट्यांची, पाचटाची, वर प्लास्टिक किंवा ताडपत्री. ती बहुधा कारखान्याच्या माळावर किंवा फडाशेजारी, भिजलेल्या काळ्या रानाजवळ असते. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा अंगाची उष्णता लवकर ओढून घेते. तिच्यातला ओलावा अंथरुणात चढतो. इथं थर लावायचा क्रम महत्त्वाचा. सर्वांत खाली ताडपत्री, ओल अडवायला. त्यावर चांगलं वाळलेलं पाचट रिकाम्या गोण्यांत भरून केलेली वीतभर जाडीची गादी. माणूस झोपल्यावरही ती चार-पाच सेंटीमीटर उरते, म्हणजे वर काढलेल्या हिशेबात बसते. त्यावर कॅरीमॅट आणि सर्वांत वर वाकळ. फडात पाचटाला तोटा नसतो. गोण्या दर दोन-तीन दिवसांनी उन्हात उलट्या कराव्यात आणि आतलं पाचट दबलं की बदलावं. पाचट भुरकन पेटतं, म्हणून चूल अंथरुणापासून लांब हवी. रात्री जमिनीवर झोपणाऱ्यांच्या अंथरुणात मण्यार शिरते. त्यासाठी झोपण्यापूर्वी अंथरूण झटकावं आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात.

दर हिवाळ्यात दानशूर माणसं, मंडळं, संस्था थंडीत कुडकुडणाऱ्यांना ब्लँकेट वाटतात. त्यामागची माया खरी आहे. पण वरून पांघरायला बहुतेकांकडं काहीतरी असतं, खाली अंथरायला नसतं. ब्लँकेट मिळाल्यावरही ते वरच पांघरलं जातं, आणि खाली अंथरलं तरी दबून निरुपयोगी होतं. त्याच पैशात कॅरीमॅट आणि ताडपत्री दिली तर ती उबेचा खरा तुटवडा भरून काढते, पाण्यानं भिजत नाही, पुसून लगेच वापरता येते आणि दोन-तीन हंगाम टिकते. राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांकडंही कोपी उभारण्याच्या जागा आहेत. तिथं मुरूम टाकून जागा उंच आणि कोरडी केली, पाणी वाहून जायला चर काढले, तर निम्मी थंडी अंथरुणापर्यंत पोहोचणारच नाही.

ज्यांना या दिवाळीत काही द्यायची इच्छा आहे त्यांच्यासाठी एक कोयता आणि दोन लेकरं अशा कुटुंबाची यादी अशी: चार कॅरीमॅट, जमिनीला अंथरायला एक जाड ताडपत्री, एक मोठी मच्छरदाणी आणि तान्हं बाळ असेल तर झोळीच्या बाहेरून बांधायला लोकरीचा एक तुकडा. हे साहित्य जानेवारीच्या कडाक्यात फडावर शोधत नेण्यापेक्षा पुढच्या वर्षापासून दसऱ्याच्या आधी गावातच द्यावं. तोवर यंदा जी कुटुंबं निघून गेली आहेत, त्यांच्या टोळीचा ठावठिकाणा गावात राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना नक्की ठाऊक असतो. त्यांना विचारावं आणि डिसेंबर लागायच्या आत पोहोचवावं.